परफ्यूम अंगावर मारल्यावर नेमकं काय होतं? पहिल्या मिनिटापासून रात्रीपर्यंतचा प्रवास

आपल्या फोनला कॅमेरा आहे, माईक आहे, बोटाचा ठसा ओळखणारा सेन्सर आहे, पावलं मोजायची सोयसुद्धा आहे. नाक मात्र अजून नाही. त्यामुळे फोनवरून खरेदी करताना सगळ्यात जास्त अंदाज बांधावा लागतो तो परफ्यूमचा. रीलमध्ये कुणीतरी सांगतं, "आठ तास टिकतो, लोक थांबवून विचारतात." आपण ऑर्डर करतो, बॉक्स उघडतो, पहिला स्प्रे मारतो आणि खूश होतो. अर्ध्या तासाने मात्र वाटतं, हा तो वास नाहीच! किंवा वास गेलाच कुठे?

पहिल्या स्टायपेंडमधले दोन-तीन हजार रुपये गेलेले असतात, त्यामुळे पहिला संशय येतो तो "डुप्लिकेट माल असणार" हा. कधी कधी तसं असतंही. पण बऱ्याचदा बाटली अगदी अस्सल असते आणि परफ्यूम त्याच्या स्वभावाप्रमाणेच वागत असतो. तो स्वभाव काय असतो, वेगवेगळे परफ्यूम त्वचेवर कसे बदलत जातात आणि विकत घेण्याआधी ते कसं तपासायचं, हे या लेखात पाहू.

बाटलीत काय असतं?

बहुतेक स्प्रे परफ्यूममध्ये सगळ्यात जास्त असतं ते अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल. त्यात सुगंधी द्रव्यं विरघळवलेली असतात आणि थोडं पाणी असतं. सुगंधी द्रव्यं एक-दोन नसतात, कित्येकदा पन्नास-शंभरच्या घरात असतात. काही फुलं, साली, लाकूड, मुळं यांच्यापासून काढलेली, तर काही प्रयोगशाळेत बनवलेली.

यातल्या प्रत्येक द्रव्याचा उडून जाण्याचा वेग वेगळा असतो. आपल्याला वास येतो तो त्वचेवरून उडून नाकापर्यंत पोचलेल्या रेणूंचा. जे उडत नाही, त्याचा वासही येत नाही. म्हणजे परफ्यूमचा वास येत राहणं आणि तो संपत जाणं ही एकच गोष्ट आहे.

आता थोडे आकडे पाहू. इथेनॉल सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळतं. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन सुमारे १७६ अंशांना, तर व्हॅनिलाच्या वासाचं व्हॅनिलिन सुमारे २८५ अंशांना. त्वचेचं तापमान जेमतेम ३२ ते ३४ अंश असतं, मग हे सगळं उडतं कसं? दोरीवरचे ओले कपडे वाळायला पाणी उकळावं लागत नाही, तसंच. उत्कलनबिंदू जितका कमी, तितकं द्रव्य साधारणपणे लवकर उडतं. अल्कोहोल काही सेकंदांत जातं, लिमोनीन काही मिनिटांत, आणि व्हॅनिलिन तासन् तास मागे रेंगाळतं.

गंमत म्हणजे लिमोनीन आणि व्हॅनिलिन यांच्या रेणूंच्या वजनात फारसा फरक नाही (१३६ आणि १५२). पण व्हॅनिलिनचे रेणू एकमेकांना जास्त घट्ट धरून असतात, म्हणून ते उशिरा सुटतात.

तीन टप्पे: टॉप, हार्ट आणि बेस

परफ्यूमच्या बॉक्सवर किंवा वेबसाइटवर "टॉप नोट्स, हार्ट नोट्स, बेस नोट्स" असं लिहिलेलं असतं. त्यामागे हाच उडण्याचा क्रम आहे.

- टॉप नोट्स: पहिली पाच ते वीस-तीस मिनिटं. लिंबू, संत्रं, बर्गमॉट (इटलीत पिकणारं एक लिंबूवर्गीय फळ), पुदिना, काही मसाले. वास चटकदार आणि ताजा. दुकानात आपल्याला भुरळ घालतो तो हाच भाग.
- हार्ट नोट्स: पुढचे दोन ते चार तास. गुलाब, मोगरा-जाईसारखी फुलं, लॅव्हेंडर, वेलदोडा-दालचिनीसारखे गोडसर मसाले. परफ्यूमचा खरा चेहरा इथे दिसतो.
- बेस नोट्स: त्यानंतर शेवटपर्यंत. चंदन, वाळा, देवदार, व्हॅनिला, राळ, कस्तुरीसारख्या वासाची कृत्रिम द्रव्यं (मस्क). वास मंद आणि त्वचेलगत राहतो. कपड्यांवर तो दुसऱ्या दिवशीही सापडतो.

हे टप्पे एकामागून एक दारं उघडल्यासारखे येत नाहीत. तिन्ही थर पहिल्या क्षणापासून हजर असतात, पण सुरुवातीला हलक्या द्रव्यांचा इतका गलका असतो की मागचं काही कळत नाही. गलका ओसरला की मागचे आवाज ऐकू येतात.

सगळेच परफ्यूम असे बदलत नाहीत. काही मुद्दाम असे बनवलेले असतात की सुरुवातीचा वास शेवटपर्यंत बराचसा तसाच राहावा. त्यांना "लिनियर" म्हणतात. लिनियर म्हणजे हलक्या दर्जाचा, असं मात्र नाही.

सहा परफ्यूम, सहा प्रवास

१. कोलोन: आजीच्या तोंडून "कोलन वॉटर" हा शब्द ऐकला असेल. ताप आला की त्याची घडी कपाळावर ठेवायचे. हा प्रकार जर्मनीतल्या कोलोन शहरामुळे ओळखला जातो. तिथे फरीना यांची पेढी १७०९ मध्ये सुरू झाली. लिंबूवर्गीय साली, नेरोली (कडू संत्र्याची फुलं), रोजमेरी असा हा मेळ. मारताक्षणी मोसंबी सोलल्यासारखं वाटतं आणि अर्ध्या-एक तासात जवळजवळ सगळं उडून जातं. कपाळाला थंडावा मिळायचा तोही अल्कोहोल झपाट्याने उडाल्यामुळेच. कोलोन टिकत नाही ही तक्रार चुकीची. तो टिकण्यासाठी नाही, तरतरीसाठी असतो.

२. शनेल नं. ५ (१९२१, एर्नेस्ट बो): यात अल्डिहाइड नावाची द्रव्यं भरपूर आहेत. सुरुवातीचा वास कुठल्याही एका फुलाचा वाटत नाही. महागडा साबण, नुकतीच विझवलेली मेणबत्ती, कडक इस्त्री केलेला सुती कपडा असं काहीतरी मनात येतं. बऱ्याच तरुणांना इथेच हा "आजीचा वास" वाटतो आणि ते बाटली खाली ठेवतात. थोडं थांबलं तर गुलाब, चमेली आणि यलांग-यलांग एकत्र उमलतात, आणि शेवटी चंदन-व्हॅनिलाची मऊ ऊब उरते.

३. शालिमार (१९२५, जाक गेर्लां): मुघल काळातल्या शालिमार बागेवरून याचं नाव पडलं. सुरुवातीला बर्गमॉटचा आंबट-ताजा झोत येतो. मग तो मागे सरतो आणि खालून व्हॅनिला, राळ, धूर, थोडं चामडं असं जाड, गोड काहीतरी वर येतं. दिवसाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा वास इतका वेगळा असणारा परफ्यूम शोधायचा असेल तर याच्यापासून सुरुवात करा.

४. कूल वॉटर (१९८८, पियर बुर्दों): पुरुषांच्या "फ्रेश" परफ्यूमची लाट आणणाऱ्यांपैकी एक. यात डायहायड्रोमिर्सेनॉल नावाचं द्रव्य ठळक आहे. त्याचा वास लिंबासारखा, थंड आणि थोडा धातूसारखा असतो. ते डिटर्जंट आणि साबणातही खूप वापरतात, म्हणून असा परफ्यूम मारला की माणूस "नुकताच आंघोळ करून आलेला" वाटतो. नंतर लॅव्हेंडर आणि शेवटी सौम्य मस्क उरतं.

५. डिऑर सोवाज (२०१५, फ्रांस्वा दमाशी): बर्गमॉट आणि मिरीची जोरदार सुरुवात. मग अंब्रॉक्सानचा लांबलचक, कोरडा, किंचित खारट वास. अंब्रॉक्सान जड असल्यामुळे तासन् तास राहतं. ऑर्डर करताना एक लक्षात ठेवा. "ओ सोवाज" नावाचा वेगळा परफ्यूम याच कंपनीने १९६६ मध्ये आणला होता. तो एडमों रुदनित्स्का यांनी बनवला, आणि तो लिंबू, हिरवी पानं आणि चमेलीची झुळूक अशा वळणाचा आहे. नावं जवळची असल्यामुळे भलतीच बाटली कार्टमध्ये जाऊ शकते.

६. कन्नौजचं अत्तर: उत्तर प्रदेशातल्या कन्नौजमध्ये तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी उकळतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे दुसऱ्या भांड्यात जाते. तिथे पारंपरिक पद्धतीत चंदनाचं तेल असतं. ते फुलांचा वास धरून ठेवतं. चंदन महाग झाल्यामुळे आता बऱ्याच अत्तरांत दुसरी आधारद्रव्यं वापरतात. अत्तरात अल्कोहोल नसल्यामुळे सुरुवातीचा झणका येत नाही. मनगटावर लावलेला थेंब हळूहळू गरम होतो आणि दरवळ सावकाश वाढत जातो. लग्नात दारात उभं राहून हाताच्या पाठीवर अत्तर लावतात, ते पंगत उठेपर्यंत येत राहतं ते यामुळेच. तिथेच "मिट्टी" नावाचं अत्तरही बनतं. भाजलेल्या मातीपासून काढलेला तो वास पहिल्या पावसाची आठवण करून देतो.

कागदाची पट्टी, शर्ट आणि त्वचा

दुकानदार कागदाच्या पट्टीवर स्प्रे मारून देतो. पट्टी उपयोगी आहे, पण ती थंड आणि कोरडी असते. तिच्यावर हलकी द्रव्यं जास्त वेळ रेंगाळतात. त्वचा गरम असते, तिच्यावर तेल आणि घाम असतो, आणि तिला स्वतःचाही वास असतो. म्हणून पट्टीवरचा परफ्यूम अंगावर वेगळा वाटू शकतो.

- तेलकट त्वचेवर सुगंधी द्रव्यं तेलात मिसळून राहतात आणि सावकाश उडतात. कोरड्या त्वचेवर परफ्यूम लवकर संपतो. आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा थोडं व्हॅसलीन लावलं तर फरक जाणवतो.
- मनगट, मान, कोपराची आतली बाजू इथे त्वचा पातळ आणि उबदार असते, म्हणून वास चांगला पसरतो.
- मे महिन्यात नागपुरात जो परफ्यूम दुपारपर्यंतही टिकत नाही, तोच डिसेंबरात नाशिकला संध्याकाळपर्यंत येईल. उष्णता वाढली की उडण्याचा वेग वाढतो. गोड, जड वास उन्हाळ्यात नकोसे होतात ते यामुळेच.
- कपड्यांवर वास जास्त टिकतो, पण रंगीत परफ्यूम किंवा अत्तराचे डाग पडतात. रेशीम आणि पांढऱ्या कपड्यांवर थेट मारू नका.

"पीएचमुळे वास बदलतो" असं सर्रास सांगितलं जातं. निरोगी माणसाची त्वचा किंचित आम्लधर्मीच असते आणि माणसामाणसांत त्यात फार मोठा फरक नसतो. तेलकटपणा, उष्णता आणि घाम यांचा परिणाम त्यापेक्षा सहज दिसतो.

वास उडाला की नाकाला सवय झाली?

घरात उदबत्ती लावून बसलं की थोड्या वेळाने आपल्याला वास येईनासा होतो, पण बाहेरून आलेला माणूस दारातच म्हणतो, "काय छान वास येतोय!" परफ्यूमचंही तसंच आहे. सतत येणारा वास मेंदू बाजूला टाकतो, नवीन वासासाठी जागा ठेवतो. त्यामुळे "माझा परफ्यूम वीस मिनिटांत गेला" असं वाटलं तरी शेजारच्याला तो येत असू शकतो. अशा वेळी पुन्हा चार स्प्रे मारून गर्दीच्या लोकलमध्ये किंवा एसी क्लासरूममध्ये शिरलात, तर डोकेदुखी दुसऱ्यांची होते.

दुसरी गोष्ट जन्मजात असते. काही मस्कचे वास काही लोकांना येतच नाहीत. व्हायोलेट फुलांच्या वासाचं बीटा-आयोनोन कुणाला फुलासारखं गोड वाटतं, तर कुणाला आंबूस, आणि यामागे वास ओळखणाऱ्या एका जनुकातला फरक आहे. २००६ मध्ये आलेला "मॉलिक्यूल ०१" हा आयसो ई सुपर या एकाच सुगंधी द्रव्याचा परफ्यूम आहे. तो लावणाऱ्यांना अनेकदा वाटतं की वास गेला, आणि तासाभराने तो अचानक परत येतो. म्हणून दुसऱ्याने दिलेला रिव्ह्यू खरा असूनही तुमच्यासाठी चुकीचा ठरू शकतो.

कोलोन, ईडीटी, ईडीपी: फरक काय?

हे शब्द मुख्यतः सुगंधी द्रव्यांचं प्रमाण सांगतात. साधारण अंदाज असा:

- ओ द कोलोन: २ ते ५ टक्के
- ओ द तॉयलेट (ईडीटी): ५ ते १५ टक्के
- ओ द पार्फां (ईडीपी): १५ ते २० टक्के
- पार्फां किंवा एक्स्ट्रे: २० ते ३० टक्के, कधी जास्तही

हे आकडे कंपनीगणिक बदलतात. शिवाय एकाच नावाचा ईडीपी म्हणजे फक्त जास्त कडक ईडीटी, असं समजू नका. बऱ्याचदा दोघांचा फॉर्म्युलाच वेगळा असतो. टिकणं हे प्रमाणापेक्षाही आत कोणती द्रव्यं आहेत यावर जास्त अवलंबून असतं. लिंबाचा ईडीपी चंदनाच्या ईडीटीपेक्षा आधी उडू शकतो.

फोन वापरून करा एका दिवसाची चाचणी

फोनला नाक नसलं तरी घड्याळ आणि नोट्स आहेत. तेवढं पुरेसं आहे.

१. दुकानात पट्टीवर जास्तीत जास्त तीन-चार वास घ्या. त्यातले दोनच निवडा आणि एकेका मनगटावर एकेक स्प्रे मारा.
२. मनगटं एकमेकांवर घासू नका. घासल्याने रेणू "फुटत" नाहीत, ती अफवा आहे. पण उष्णता वाढते, थर पसरतो आणि सुरुवातीचा वास लवकर निघून जातो.
३. फोनमध्ये १० मिनिटं, १ तास, ३ तास आणि ६ तासांचे अलार्म लावा. दरवेळी नोट्समध्ये एक ओळ लिहा. शब्द आपलेच वापरा: ओली माती, कापूर, गुळाचा पाक, नवं पुस्तक, मेडिकलचं दुकान, काहीही चालेल.
४. मधल्या वेळात हात नाकाला लावू नका, नाहीतर नाकाला सवय होईल.
५. तीन तासांनी घरातल्या किंवा मित्रमंडळीतल्या कुणाला तरी विचारा, "वास येतोय का? कसा वाटतोय?"
६. तिसऱ्या तासाची नोट आवडली, तरच खरेदी करा.

दुकान लांब असेल तर आधी छोटी कुपी मागवा. एका स्प्रेमध्ये साधारण ०.१ मिली परफ्यूम निघतो. म्हणजे २ मिलीच्या सॅम्पलमध्ये सुमारे २० स्प्रे मिळतात, आठवडाभराची परीक्षा आरामात होते. १०० मिलीच्या बाटलीत सुमारे १००० स्प्रे असतात. न आवडलेला परफ्यूम संपवायला किती दिवस लागतील, तो हिशोब आधीच करा.

त्वचेची आणि बाटलीची काळजी

- नवीन परफ्यूम आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून एक-दोन दिवस पाहा. खाज, लाली, पुरळ आलं तर वापरू नका. त्रास वाढला तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.
- दाढी किंवा वॅक्सिंग केल्यावर लगेच मारू नका.
- बर्गमॉट किंवा लिंबाच्या सालीचं शुद्ध तेल त्वचेला लावून उन्हात जाऊ नका. त्यातल्या बर्गॅप्टेनसारख्या द्रव्यांमुळे त्वचा भाजते आणि काळे डाग पडतात. चांगल्या कंपन्या हे द्रव्य काढून टाकलेलं तेल वापरतात किंवा त्याचं प्रमाण मर्यादित ठेवतात. घरगुती प्रयोगात ही काळजी घेतली जात नाही.
- अल्कोहोल पेटतं. देवघरातली समई, पणत्या, गॅस, पेटती सिगारेट यांच्याजवळ स्प्रे मारू नका.
- बाटली खिडकीत, बाईकच्या डिकीत किंवा बाथरूममध्ये ठेवू नका. ऊन, उष्णता आणि हवा यांनी वास बिघडतो. लिमोनीन आणि लिनालूल यांचा हवेशी संयोग होऊन ॲलर्जी करणारी द्रव्यंही तयार होतात. बंद कपाट सगळ्यात चांगलं.

नेहमी पडणारे प्रश्न

कॉफीच्या बिया हुंगल्याने नाक "रिसेट" होतं का?
साध्या हवेपेक्षा त्याचा खास फायदा दिसलेला नाही. थोडं बाहेर जाऊन या, किंवा स्वतःच्याच शर्टाची बाही हुंगा.

जुन्या रिव्ह्यूतला परफ्यूम आणि आत्ताची बाटली वेगळी का वाटते?
नियम बदलले की फॉर्म्युले बदलतात. उदाहरणार्थ, लिलियल नावाचं फुलांच्या वासाचं द्रव्य युरोपीय संघात मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद आहे. म्हणून रिव्ह्यूची तारीख बघायची सवय लावा.

स्वस्तातला "सेम टू सेम" क्लोन घ्यावा का?
घ्यायला हरकत नाही, पण त्याचीही हीच चाचणी घ्या. पहिली दहा मिनिटं सारखी वाटली म्हणजे पुढचे सहा तास सारखे असतीलच, असं नाही.

महाग परफ्यूम जास्त टिकतो का?
तसा नियम नाही. किमतीत ब्रँड, बाटली, जाहिरात सगळं आलं. किती टिकेल ते आतली द्रव्यं ठरवतात.

थोडक्यात, परफ्यूम विकला जातो पहिल्या मिनिटाच्या वासावर, आणि आपण जगतो त्याच्या तिसऱ्या-चौथ्या तासासोबत. पुढच्या वेळी दुकानात एखादा वास आवडला तर पैसे लगेच देऊ नका. मनगटावर एक स्प्रे मारा, अलार्म लावा, बाहेर जाऊन चहा घ्या. संध्याकाळी घरी पोचल्यावरही तो वास आवडत असेल, तर तो तुमचा.